नापासांची फळी

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक लाकडाचा भुसा आणि दुसरे किस्से. भुसा निदान शनिवारी पोत्यात भरून बाहेर जातो. किस्से मात्र साचतच राहतात, आणि त्याला कारणीभूत आहे आमची एक फळी.

आधी वर्कशॉप सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याची शेड आहे. माग भंगारात गेले, शेड राहिली. तिथे आम्ही एक लेझर कटर, दोन थ्रीडी प्रिंटर आणि कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं एक मशीन मांडलंय. कुणीही यावं, घरातलं कुठलं काम अडतंय ते सांगावं, आमच्याबरोबर बसून त्यासाठी वस्तू आखावी आणि बनवून न्यावी. डिझाइन कुणाच्या मालकीचं नाही. ते आम्ही इंटरनेटवर टाकतो, ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं. अट एकच. त्यात काही बदललंत, तर काय बदललं, का बदललं आणि कुणी बदललं, हे लिहून ते परत टाकायचं.

दुसरा नियम शेडपुरता आहे. फसलेली वस्तू फेकायची नाही. मागच्या भिंतीवरच्या लांब फळीवर ठेवायची आणि का फसली ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहून तिला चिकटवायचं. एकाच ओळीत, कारण पानभर जागा दिली की माणूस स्वतःची चूक सोडून लाइटच्या व्होल्टेजवर निबंध लिहितो. फळीवरची वस्तू कुणालाही नेता येते, फक्त ती कशासाठी उपयोगी पडणार ते रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. इतक्या वर्षांत कुणी एकही नेली नव्हती.

माणसं आम्ही तीन. मी कांबळे, मूळ मोहोळचा, आयटीआयचा फिटर, सोळा वर्षं लेथवर काढलेली. स्वप्ना इंजिनियर आहे, विणकर घरातली, घरात तेलुगू बोलणारी. कॉम्प्युटरवरचं सगळं तिच्याकडे. आणि तिसरे इस्माईल चाचा. याच शेडमध्ये ते पंचवीस वर्षं जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. माग गेले तरी चाचा यायचे थांबले नाहीत, म्हणून आम्ही त्यांना ठेवून घेतलं, असं मी सांगतो. चाचा सांगतात की त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं.

फळीवर चाळीसेक वस्तू आहेत. आज फक्त एका परातीचं सांगतो.

*

महादेवी मावशी पहिल्यांदा आमच्याकडे आल्या त्या हात न्यायला.

दारात चपला काढून त्यांनी विचारलं, "हितंच हात करून मिळतोय न्हवं?" शेजारणीने त्यांना मोबाइलवर प्लास्टिकच्या हाताचा व्हिडिओ दाखवला होता. असले हात आता मशीनवर छापून निघतात आणि ते मशीन अक्कलकोट रस्त्याला आहे, एवढं कळल्यावर त्या रिक्षा करून थेट आल्या होत्या.

स्वप्नाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं की ते हात ज्यांचा हात तुटलाय त्यांच्यासाठी असतात. मावशींचे तर दोन्ही जागेवर होते. मावशींनी डावा हात उजव्या हाताने उचलला आणि मिक्सर दुरुस्तीला आणल्यासारखा आमच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो हाय, पर चालत न्हाय. ह्यो ठिवून घ्या आन दुसरा द्या."

चाचा माझ्या कानात म्हणाले की बाईंना एक्सचेंज ऑफर पाहिजे. मला हसू आलं होतं, पण पुढचं ऐकल्यावर ते गेलं. मावशी वीस वर्षं कडक भाकरी करून विकत होत्या. खानावळी, लग्नघरं, पुण्याला जाणारी माणसं, सगळी गिऱ्हाइकं बांधलेली. मागच्या उन्हाळ्यात ओल्या फरशीवर पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटांत जोर काही आला नाही. कडक भाकरी कागदासारखी पातळ थापावी लागते. उजवा हात थापतो आणि डावा तिला कडेने सांभाळत फिरवत राहतो. फिरवणारा गेला की भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटकी.

"डावा गेला तसा माझा तवा गेला, सर," त्या म्हणाल्या. "तव्याबिगर मी त्या घरात निस्ती जागा अडवून बसल्याली हाय."

हात काही आम्हाला जमणार नव्हता. पण आपोआप फिरणारी परात जमेल, असं आम्हाला वाटलं.

*

मोजमापं घ्यायला मी आणि चाचा त्यांच्या घरी गेलो.

घरात दोघीच. मुलगा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. मावशी ओट्याशेजारी स्टुलावर बसलेल्या आणि सून सुवर्णा ओट्यापाशी उभी. मावशी मला म्हणाल्या, "सर, त्यांना सांगा, चहा टाका म्हनावं." सुवर्णा तीन फुटांवर होती. मला वाटलं तिला कमी ऐकू येत असेल, म्हणून मी जरा मोठ्याने सांगितलं. ती मला म्हणाली, "त्यांना सांगा, दूध संपलंय. कोरा चालंल का इचारा."

मी विचारलं. चालत होता.

चार वर्षं हे असंच चाललं होतं. का, ते मी नंतर शेजारी विचारलं, तर तीन घरांतून तीन वेगळी कारणं मिळाली. खुद्द दोघींनाही ते नीट आठवत असेल असं मला वाटत नाही. पण मनगट मोडल्यापासून भाकरी सुवर्णा करत होती, आणि तिच्या भाकरीची कड तडकत होती. खानावळीतून दोनदा परत आल्या. पाणी पुरेसं कढत नाही, हे मावशींना स्टुलावरून दिसायचं. पण सांगणार कुणाला? घरात तिसरं माणूस नसेल तेव्हा त्या पिठाच्या डब्याला सांगायच्या. "पानी कढत लागतंय रं डब्या." सुवर्णा ऐकायची, आणि ऐकलं असं दिसू नये म्हणून पाणी होतं तसंच ठेवायची.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "कांबळे, परात बाद में. पहले इस घर में टेलिफोन बिठाव."

*

पहिली परात दीड मिनिटात तयार झाली. मी मशीनच्या वेगाचं कौतुक करत होतो तोवर झाकण उघडलं.

मावशींनी बावीस इंच सांगितलं होतं, स्वप्नाने बावीस लिहिलं होतं आणि मशीनने ते बावीस मिलिमीटर समजून कापलं होतं. शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी परात! तिला कड होती, मधोमध भोक होतं, सगळं हिशेबात.

चाचांनी ती तळहातावर घेऊन चष्म्यातून निरखली. "अच्छी हुई है," ते म्हणाले. "चींटी की रोटी आराम से बनती."

स्वप्नाने चिठ्ठी लिहिली : इंच आणि मिलिमीटर. ती परात फळीवर आहे, पण चिठ्ठीच्या मागे शोधावी लागते.

*

दुसऱ्या परातीचा गुन्हेगार मी.

माप बरोबर आलं, सागाचं लाकूड गुळगुळीत झालं. थापण्याच्या धक्क्यानेच ती फिरावी म्हणून तिच्या पोटात बेअरिंग बसवायचं काम माझं होतं. फिटरचा अभिमान मोठा वाईट. बेअरिंग मी असं घट्ट ठोकून बसवलं की त्यातून वाराही जाऊ नये. वारा गेला नाही, पण परातही फिरेना. त्यात ज्वारीचं पीठ गेलं आणि मग तर दोन्ही हातांचा जोर लावल्याशिवाय ती हलेना. थापता थापता एका हाताने फिरवणं मावशींना शक्य नव्हतं. तात्पुरता उपाय म्हणून मी पलीकडच्या कडेला लाकडी मूठ बसवून दिली आणि सांगितलं की आठवडाभर सुवर्णाने समोर उभं राहून फिरवावं, तेवढ्यात आम्ही नवी करतो.

पहिल्या दिवशी मी तिथे होतो. मावशी थापायच्या आणि मला सांगायच्या, "त्यांना सांगा, हळू." मी सांगायचो. सुवर्णा मला सांगायची, "त्यांना सांगा, हळूच हाय." सांगेपर्यंत भाकरीचा आकार होडीसारखा व्हायचा. दहा भाकरींनंतर मलाच धाप लागली आणि मी काम आहे म्हणून निघालो.

चौथ्या दिवशी गेलो तर आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"अगं हळू की. भाकर हाय, गिरनी न्हाय."

"मंग तुमी बी दमानं थापा की. किती जोरात, परात फुटंल."

"वीस वर्सं थापली, एक न्हाय फुटली. आता फिरीव. फिरीव. थांब."

मी दारात उभा राहिलो. ओट्याच्या अलीकडे सासू, पलीकडे सून, मधे परात आणि दोघींच्या कोपरापर्यंत पीठ. भाकरी छान गोल होत होत्या. झाली की सुवर्णा ती अलगद उचलून तव्यावर टाकायची आणि लगेच परत मुठीला हात. मला बघून दोघींनी एकदमच चहा विचारला. मी जिना उतरल्यावर लक्षात आलं की आज मला कुणी काही "त्यांना सांगा" म्हणालं नव्हतं.

पण मी फिटर माणूस. मला यंत्र दिसतं. आठवड्याने ती परात परत आणली, फळीवर ठेवली आणि चिठ्ठी लिहिली : दोन माणसं लागतात, नापास.

*

तिसरीच्या वेळी स्वप्नाला तिच्या ताताचा, म्हणजे आजोबांचा, हातमाग आठवला. हातमागाला खाली पावडी असते, पायाने दाबायची. तशी पावडी परातीला लावली तर? पाय दाबला की परात एक घर पुढे सरकायची, मागे यायची नाही. मागे न येऊ देणारा खटका चाचांनी भंगारातल्या मागाच्या भागांतून बनवला. त्या खटक्यावर चाचा दोन दिवस घरी जेवायलासुद्धा गेले नाहीत.

भाकरी कुठल्या दिशेने फिरते, ते स्वप्नाने व्हिडिओवरून ठरवलं होतं. दुसरी परात घरी असताना सुवर्णाकडून तिने तो मागवून घेतला होता. आम्ही तिघांनी तो वीसेक वेळा पाहिला.

परात बसवली. मावशींनी गोळा ठेवला, पाय दाबला, हात मारला. सगळं पीठ हाताखाली गोळा झालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"ही उलटी फिरतीय की ओ."

चाचा चिडले. त्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ मावशींच्या नाकासमोर धरला. मावशींनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "ही मी न्हवं. माजी चमकी डाव्या नाकात हाय. हिची उजव्या."

आम्ही तिघांनी मावशींचं नाक पाहिलं, मग व्हिडिओतलं नाक पाहिलं. सुवर्णाचे दोन्ही हात मुठीवर असल्यामुळे तिने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून सेल्फीच्या कॅमेऱ्याने शूटिंग केलं होतं. आरशासारखं सगळंच उलटं! वीस वेळा पाहून दोन कारागिरांना आणि एका इंजिनियरला ते कळलं नव्हतं.

तिसरी फळीवर गेली. चिठ्ठी चाचांनी स्वतः सांगितली आणि स्वप्नाने लिहिली : चमकी नहीं देखी.

*

खटका उलटा करून चौथी केली, ती चालली, आणि नियमाप्रमाणे आम्ही डिझाइन इंटरनेटवर टाकलं.

पहिलं उत्तर मैंदर्गीहून आलं, गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या एका माणसाचं. बदल या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "भाकरीऐवजी गणपती." कारण : "दोन्ही हात रंगात असतात." सोबत फोटो होता. मावशींच्या परातीवर दोन फुटी गणपती बसलेला आणि खाली पावडीवर त्या माणसाचा पाय. मी तो फोटो मावशींना दाखवला. त्यांनी मोबाइलला नमस्कार केला आणि जरा काळजीत पडल्या.

"देवाला गरगरा फिरवू नगा म्हनावं. लई हळू."

मी तसं लिहून कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं की हळूच फिरवतो, काळजी नसावी.

दुसरा बदल करमाळ्याच्या एका मास्तरांचा. त्यांच्या आईचाही एक हात अधू होता. चौथ्या परातीत भाकरी फिरायची एका पायावर, पण थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकायला दुसरं माणूस लागायचंच. मावशींकडे ते काम सुवर्णा करायची. मास्तरांनी त्यावर पातळ पत्र्याचं सुपासारखं एक सरकतं पान बसवलं. पान ओढलं की भाकरी त्यावरून घसरत थेट तव्यावर. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : "आईला एकटीला जमावं."

आम्हाला हे सुचलं नव्हतं, याची थोडी लाज वाटली. त्यांच्या पानासकट पाचवी परात केली.

*

पाचवी पास झाली.

मावशींनी फोन करून आम्हाला तिघांना बोलावलं. त्या ओट्यापाशी एकट्या उभ्या राहिल्या. गोळा ठेवला, पाय चालू झाला, उजवा हात चालू झाला. परात एक एक घर सरकत होती आणि भाकरी पसरत पसरत पार कडेपर्यंत गेली. पान ओढलं, भाकरी तव्यावर. एक सुरकुती नाही, कडेला एक तडा नाही. डावा हात सगळा वेळ पदरात होता. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. चाचा तर परातीच्या खटक्यावरून सारखे बोट फिरवत होते. खानावळीची ऑर्डर परत सुरू झाली होती. लग्नघरं परत विचारायला लागली होती. वीस वर्षांचा तवा मावशींना परत मिळाला होता.

सुवर्णा आतल्या खोलीत मोबाइल बघत बसली होती.

"सर," मावशी म्हणाल्या, "त्यांना सांगा, चहा टाका म्हनावं."

मी आत जाऊन सांगितलं. चहा घेताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. पण परातीत काही चूक नव्हती, म्हणून मी तो विचार सोडून दिला. रजिस्टरमध्ये लिहिलं : पाचवी, पास, एक माणूस पुरतं.

*

तीनेक आठवड्यांनी मावशी रिक्षातून उतरल्या. मागे रिक्षावाला पोत्यात बांधलेली पाचवी परात घेऊन आला.

चाचांनी पोतं सोडलं, पावडी दाबून पाहिली, खटका पाहिला, पान ओढून पाहिलं. लोण्यासारखी चालत होती. मी विचारलं की तडकली का कुठे, आवाज करते का, पाय दुखतो का. मावशी म्हणाल्या, न्हाय, परात झ्याक हाय. मग त्यांनी विचारलं की आधीच्या टाकून तर नाही ना दिल्या.

स्वप्नाने त्यांना मागच्या भिंतीकडे नेलं. मावशी फळीच्या एका टोकापासून निघाल्या आणि एकेका वस्तूला उजव्या हाताने चाचपत पुढे सरकत गेल्या. बटणाएवढ्या परातीला हात लावून हसल्या. उलट्या परातीपाशी थांबल्या नाहीत. मग मूठवाली परात दिसली, तेव्हा तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि मूठ धरून पाहिली.

मी घाईने पुढे झालो. म्हणालो, मावशी, ही नको, हिच्यात माझी चूक आहे, बेअरिंग घट्ट बसलंय, एकटीला ही कधीच फिरणार नाही. हवं तर पाचवीसारखीच अजून एक करून देतो. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांना अक्षरं येत नव्हती. चिठ्ठीवर बोट ठेवून त्या स्वप्नाला म्हणाल्या, "ह्येच्यावर काय ल्हिलंय, वाच गं बाळा."

स्वप्नाने वाचलं, "दोन माणसं लागतात, नापास."

"व्हय, हीच. पोत्यात घाला."

चाचांनी ती उचलून पोत्यात घातली. फळीवर मोकळी झालेली जागा मावशींनी हाताने झाडली आणि तिथे पाचवी ठेवायला लावली. नियम म्हणून मी रजिस्टर उघडलं आणि विचारलं की कशासाठी उपयोगी पडणार, इथे काय लिहू.

मावशी पोत्याचं तोंड एका हाताने बांधायला बघत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आन काय ल्ह्यायचं, सर? तुमीच ल्हिलंय की चिट्टीवर."